'मिस'ला मराठीत शब्द नाही?

परवा ऑफिसात डबा खाताना एकीनं अगदी ठामपणे सांगितलं की 'आय मिस यू'ला मराठीत शब्दच नाही, 'आठवण येते' म्हणजे काही मिस नव्हे, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी तेव्हा गप्प बसलो पण बाणेरहून घरी येईपर्यंत डोक्यात तेच चाललं होतं, म्हणून लिहितोय, कुणाला भर घालावीशी वाटली तर जरूर घाला.

मिसचा इंग्रजीतला जुना अर्थ म्हणजे नेम न लागणं. त्यावरून मग गाडी न मिळणं, माणूस न भेटणं, आणि शेवटी जे जवळ नाही त्याचं नसणं जाणवणं. (शाळेतल्या 'मिस' वेगळ्या, तो मिस्ट्रेसचा तुकडा आहे.)

आता पहिल्या बाजूला आपल्याकडे शब्दांची चंगळ आहे. पुणे स्टेशनला ७.१५ला पोचायच्या ऐवजी ७.१७ला पोचलात तर डेक्कन क्वीन चुकते. ९९वर आउट झालेल्याचं शतक हुकतं, शून्यावर गेलेल्याचं हुकत नाही, कारण हुकायला आधी हाताशी यावं लागतं. मुकणं अजून वेगळं, त्यात आपल्या हक्काचं काहीतरी जातं, पाय मोडला आणि यंदा वारीला मुकलो असं म्हणताना जीव हळहळतो. पोरांचा तास बुडतो, रोजंदारीवाल्याचा दिवस बुडतो. आमटीत मीठ घालायचं राहतं, कागद गहाळ होतो. आणि चुकामूक! मागच्या महिन्यात मामा साताऱ्याहून येणार होते, मी स्वारगेटला एसटी स्टँडच्या गेटपाशी आणि ते पीएमटीच्या स्टॉपवर, त्यांचा फोन बंद, अर्धा तास दोघंही एकमेकांना शोधतोय. या अर्ध्या तासाला इंग्रजीत अख्खं वाक्य लागतं, आपल्याकडे एक शब्द. मिस कॉल मात्र मिस कॉलच राहू दे, 'मिस कॉल दे' म्हणजे मुद्दाम रिंग देऊन कट कर, त्याला मराठी शब्द शोधण्यात अर्थ नाही.

जाता जाता एक, कारण हे वाचलं की मला खरंच त्रास होतो. हल्ली बातम्यांत 'मोठी किंमत चुकवावी लागली' असं येतं. हिंदीत चुकाना म्हणजे देऊन टाकणं, फेडणं. मराठीत चुकवणं म्हणजे टाळणं, नजर चुकवतात, कर चुकवतात. म्हणजे हिंदीत कर चुकवणारा प्रामाणिक आणि मराठीतला कर चुकवणारा गुन्हेगार. आपल्याकडे किंमत मोजावी लागते.

आता मुख्य मुद्दा, मनातलं मिस. माझं म्हणणं असं की तोही अर्थ चुकणं याच शब्दात आहे आणि फार जुना आहे. जत्रेत पोर चुकतं, कळपातून वासरू चुकतं, म्हणजे ताटातूट होते. तुकाराम महाराजांचा अभंग सगळ्यांना पाठ आहे, 'चुकलिया माये, बाळ हुरुहुरु पाहे'. आई दिसेनाशी झालेलं बाळ कसं इकडेतिकडे बघतं ते डोळ्यासमोर आणा, चुकणं आणि हुरहुर दोन्ही त्या एका ओळीत आहेत. आपण जे 'चुकल्या-चुकल्यासारखं होतंय' म्हणतो ते हेच.

आई माझ्याकडे दोन महिने राहून परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोनदा उठून स्वयंपाकघरात डोकावून आलो. काय हवंय तेच कळेना. तिसऱ्यांदा गेल्यावर लक्षात आलं की खलबत्त्यात आलं ठेचायचा ठकठक आवाज नाहीये, त्या आवाजावर मी रोज उठायचो. आईची आठवण त्याच्या नंतर आली. चुकल्यासारखं आधी होतं आणि काय चुकलंय ते मागाहून कळतं, इतकं बारीक तर मिसलाही सांगता येत नाही.

त्याच्या पुढची पायरी 'करमत नाही'. करमणूक यातूनच आलेली, पण क्रियापद सहसा नकारातच भेटतं. उणीव भासते, पोकळी निर्माण झाली हे शोकसभेतलं मराठी, घरात कुणी बोलत नाही.

अजून एक, 'मी तुला मिस करतोय' यात मी काहीतरी करतोय असं होतं. मराठीत मी काही करतच नाही, मला आठवण येते, मला करमत नाही, ते आपोआप होतं आणि मला होतं. माझा भाचा जर्मनीत असतो, तो म्हणाला तिकडे 'डू फेल्स्ट मिअर' म्हणतात, म्हणजे शब्दशः तू मला कमी पडतोस. तिथेही 'मला'च. ऐकून बरं वाटलं.

याच भाच्यानं गणपतीत फॅमिली ग्रुपवर 'मिसिंग मोदक, मिसिंग यू ऑल' असं टाकलं होतं. त्यावर आईनं व्हॉइस मेसेज पाठवला, मी शेजारीच बसलो होतो. "अरे, तू हवा होतास रे. एकवीस केले, आणि तुझा तो फुटका मोदक खायला कुणीच नाही."