पुढचं डावं चाक भट्टीसारखं तापतंय, ब्रेकचा आतला पॅड संपला अन् बाहेरचा तसाच

मनीषनगरवाला
नमस्कार मंडळी, २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, रोज मनीषनगर ते हिंगणा एमआयडीसी जाणं-येणं. पंधरा दिवसांपासून घरी पोचलो की पुढच्या डाव्या चाकातून जळका वास येतो, हात जवळ नेला तं धग लागते, उजवं मात्र नुसतं कोमट, आणि गाडी थोडी डावीकडे ओढते पण. काल चाक काढून पाहिलं तं आतला पॅड पत्र्याला टेकायला आला, बाहेरचा अर्ध्याच्या वर शिल्लक, अन् आतला एका टोकाला जास्त घासून पाचरीसारखा झालाय. पॅड ८ महिन्यांपूर्वीच टाकले होते. गॅरेजवाले म्हणतात उन्हानं होते, दोन्ही डिस्क (पॅड जिला दाबतात ती चकती) अन् पॅड बदला. शनिवारी आईबाबांना घेऊन चिखलदऱ्याला जायचंय. खरंच उन्हानं असं होतं का?

जुना_पाना
उन्हानं असतं तं दोन्ही चाकं सारखी तापली असती न भाऊ. बाहेर ४५ डिग्री असो की २०, घाटात डिस्क शेकडो डिग्रीवर जाते, तिला आपल्या उन्हाचं काय पडलंय. तुमचा ब्रेक सुटत नाहीये, आणि कायले सुटत नाहीये ते न शोधता नवे पॅड टाकले तं तेही असेच जातील.
असं करा, गाडी न्यूट्रलमध्ये जॅकवर घ्या (नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली स्टँड लावा), ब्रेक दोनतीनदा दाबून सोडा आणि चाक हातानं फिरवा. जड फिरलं तं कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) निपल, म्हणजे ऑइल काढायचा छोटा स्क्रू, पाव आटा ढिला करा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं तं प्रेशर अडकलंय, म्हणजे होज पाइप (कॅलिपरपर्यंत ऑइल नेणारा रबरी पाइप) नाहीतर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा). तरी जडच राहिलं तं गडबड कॅलिपरमध्येच, पिस्टन (पॅड ढकलणारा) नाहीतर पिना (ज्यांच्यावर कॅलिपर सरकतो). पाचरीसारखा घासलाय म्हणता म्हणून मला तं पिनाच वाटतात, एक सरकते अन् दुसरी जाम, मग कॅलिपर तिरपा बसतो.

घाटरस्ता
होज पाइप बाहेरून चांगला दिसला म्हणून सोडून देऊ नका हं. आतलं रबर सुटलं की पेडल दाबलं तं ऑइल पुढे जाते पण परत येत नाही. माझ्या जुन्या गाडीत हेच होतं, आणि मी उगाच कॅलिपर बदलून बसलो होतो.
दुसरं म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी ओढते. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना २३० डिग्रीच्या खाली उकळत नाही, पाणी शिरलं की तेच १५५ वर येऊ शकते. उकळलं की वाफ होते आणि पेडल खाली बसतं, तेही नेमकं उतारावर. दोन वर्षं झाली असतील तं बदलाच. आणि आईबाबा सोबत आहेत तं हे ठीक झाल्याशिवाय चिखलदरा नकोच. गेलात तरी उतरताना सेकंड गिअर, ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पाणी तं चुकूनही टाकू नका, तडा जाऊ शकतो.

मनीषनगरवाला
आज केलं. निपल ढिला केला तरी चाक जडच. मग कॅलिपर उघडला, वरची पिन बोटानं सरकते, खालची पान्यानं पिळून काढावी लागली. त्यावरचं रबर फुगून गच्च झालंय, अन् आत पिवळं ग्रीस.

जुना_पाना
झालं, सापडलं. ते बेअरिंगचं साधं ग्रीस आहे, त्यानं हे रबर फुगते. पिना, बुश (पिनेवरचं रबर) अन् बूट (धूळ अडवणारं रबरी टोपण) नवीन घ्या, भोकातलं जुनं ग्रीस ब्रेक क्लीनरनं पूर्ण काढा, आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावा, तेही पातळ. उजवीकडचंही उघडा, त्याच हातानं तेच ग्रीस भरलं असणार. पॅड दोन्ही चाकांचे सोबतच बदला. डिस्कची जाडी मोजा, तिच्यावर किमान आकडा कोरलेला असतो, त्याच्या वर असेल अन् चिरा नसतील तं डिस्क बदलायची गरज नाही.

मनीषनगरवाला
डिस्क दोन्ही आकड्याच्या वर आहेत, चिरा नाहीत. उजवीकडेही तेच पिवळं ग्रीस निघालं, फक्त रबर अजून तेवढं फुगलं नव्हतं. पिना-बुश उद्या मिळतात. आईला सांगितलं, चिखलदरा पुढच्या महिन्यात.