एका बँडमुळे बाकी सगळं ऐकायची सवयच बदलली, असं कुणाचं झालंय का?

भुसावळी_पोरगा:
आपल्याकडे बँड म्हणजे लग्नातला, नाहीतर थेट डीजे. त्याच्यापुढे मी कधी गेलोच नव्हतो. मग मामेभावाने पेनड्राइव्हवर इंडियन ओशन या बँडचा 'कंडिसा' टाकून दिला (अल्बम २००० चा, म्हणजे मी पोचलो तोवर वरात निघून गेलेली) आणि तेव्हापासून कान कामातून गेलेत. आधी मी नुसती चाल आणि शब्द ऐकायचो, आता पहिले बास गिटार कुठे चाललंय ते शोधतो, तबला आणि ड्रम्स एकाच गाण्यात एकमेकांच्या पायात न येता कसे वाजतात ते बघतो, आणि त्या नादात आर. डी. बर्मनची जुनी गाणी परत लावली तर अर्धी नवीनच वाटली राव. पण आधी जी गाणी जाम आवडायची ती आता एक कडवं झालं की बदलतो. मग ही आवड माझी म्हणायची का मामेभावाची?

शहादेकर:
त्यातलं 'मा रेवा' ऐकलं का नीट? नर्मदाकाठचं लोकगीत आहे ते. बास वाजवणारा राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होता. म्हणजे दिल्लीचा बँड, पण गाणं आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या वरच्या अंगाला वाहणाऱ्या नदीचं, आणि मणिबेली वगैरे तिकडचीच बुडीत गावं. मला विचारशील तर त्या गाण्यानंतर मी होळीला काठी गावाला गेलो तेव्हा पहिल्यांदा ढोल ऐकला, आधी नुसता आवाज यायचा. मोठा ढोल सावकाश चालतो आणि नाचणाऱ्यांच्या कमरेचे भोपळे-घुंगरं मधल्या जागा भरतात, रात्रभर. इअरफोनमध्ये ते येणारच नाही.

रावेरची_केळी:
बँडला फुकट क्रेडिट देऊन राहिले तुम्ही. आमच्या घरी भजनी मंडळ बसायचं, पखवाज झोपेत पण कानात असायचा. तो पाया नसता तर कंडिसा-फिंडिसा दोन मिनिटांत बंद केलं असतं. तुझ्याही घरी काहीतरी वाजत असेलच, आठवून बघ. आणि जुनी गाणी नकोशी झाली म्हणतो ना, ते उतरतं वर्षभरात, नवीन मुसलमान नमाज जास्त पढतो तसं आहे हे.

धुळ्याचा_भाऊ:
माले बी असंच व्हयनं भो! आता पुढचं ऐक, '१६/३३० खजूर रोड', त्यांचाच अल्बम, २०१० मध्ये नेटवर फुकट वाटलेला. असीम चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरला गेले, तबला वाजवत वाजवत गाणारा माणूस, त्यांचा आवाज आहे त्यात.

भुसावळी_पोरगा:
@रावेर आजोबा वारकरी होते, आता बोलतीच बंद केली तुम्ही 😅 खजूर रोड आज रात्री लावतो. चुलतभावाच्या हळदीला 'मा रेवा' लावायचा विचार आहे.

धुळ्याचा_भाऊ:
लाव, पण डीजेवाल्याला आधी पैसे देऊ नको.