घरी लिनोकट: प्रेस नाही, पावसात शाई वाळेना, आणि लोक म्हणतात "झेरॉक्सच ना ही?"

ओट्यावरची_शाई
नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर रात्री जेवणं आटपली की ओटा पुसून त्यावर लिनोकट करतेय, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर (ब्लॉकवर) चित्र कोरायचं, उरलेल्या उंच भागाला शाई लावायची आणि कागदावर उमटवायचं. दिवसा नोकरी, मग डोंबिवली लोकल, त्यामुळे हातात जेमतेम दीड-दोन तास. कॉलेजात एचिंग (धातूच्या प्लेटवर ॲसिडने खाचा पाडून छापणं) केलं होतं पण तिथे प्रेस, म्हणजे दाब देऊन छापायचं यंत्र होतं, आता प्रेस घ्यायची तर पैसे सोडाच, वन बीएचकेत ती ठेवून आम्ही झोपायचं कुठे? चमच्याने घासून प्रिंट काढते तर मधे मधे पांढरं राहतं. कागद चांगला जाडजूड हातकागद आहे, पुण्याहून आणलेला. त्यात जुलैपासून ऑइल बेस्ड शाई सहा-सहा दिवस हाताला लागते. आणि खरं दुखणं वेगळंच आहे. सोसायटीच्या प्रदर्शनात प्रिंट ठेवले तर एक काका म्हणाले, "छान आहे, पण ही झेरॉक्सच ना? ओरिजिनल कुठाय?" काय सांगायचं अशा वेळी? आणि घरी एचिंग कसं जमवता येईल तेही सांगा.

रोलरवाला
ताई, तुमचा कागदच घात करतोय. जाड कागदाला प्रेसचा दाब लागतो, हाताने काढायचं तर पातळ कागद घ्या, नेपाळी लोक्ता किंवा जपानी, ज्यातून मागच्या बाजूने शाई उमटलेली दिसते, म्हणजे कुठे घासायचं राहिलं ते कळतं. चमच्यापेक्षा स्टीलच्या पळीची पाठ बरी, मधून सुरू करून कडेकडे गोल गोल, आणि एक कोपरा उचलून बघायचा पण दुसरा हात कागदावर दाबून ठेवायचा, नाहीतर सरकला की दुहेरी. शाई काचेवर लाटताना कान द्या. जास्त असेल तर पचपच आवाज येतो, बरोबर असेल तर बारीक चरचर. माझ्या अंदाजाने तुम्ही जास्त लावताय, वाळत नाही त्याचं निम्मं कारण तेच. ही शाई पाण्यासारखी उडून जात नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि आपल्या पावसाळ्यात ते रेंगाळतं. दोरीवर चिमट्याने लटकवा, पंखा सोडा, शाईत कोबाल्ट ड्रायर (शाई लवकर वाळवणारं द्रव्य) अगदी थेंबभर. एकावर एक रचू नका!!

जस्ताची_प्लेट
एचिंगबद्दल मी बोलतो कारण हात पोळून झालेत. जस्त आणि नायट्रिक ॲसिड हे प्रकरण घरी नकोच. प्लेटवर बुडबुडे येतात ते पिसाने सारत बसायचं आणि वर तो पिवळसर-तपकिरी धूर, बंद बाथरूममधे तर अजिबात नको, लहान मूल असेल तर विचारही नको. तांब्याला फेरिक क्लोराइड चालतं, त्याला तसा धूर नाही, पण फरशीवर सांडलं की डाग कायमचा आणि वापरलेलं मोरीत ओतायचं नसतं. शिवाय त्यात चुकून जस्त टाकू नका, भयंकर तापतं. आणि एवढं करूनही प्रेस लागणारच. लिनोत शाई वरच्या भागावर असते म्हणून पळीने काम भागतं, एचिंगमधे ती खाचेत असते, ओलसर कागद दाबून आत घुसवावा लागतो. तेव्हा कुणाची प्रेस तासावर मिळते का बघा, तोवर लिनो.

मळवलीची_गाडी
काकांवर रागवू नका हो, आपल्याकडे प्रिंट म्हटलं की डोळ्यासमोर कॅलेंडरच येतं. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला, नंतर मळवलीला गेला, तिथून दगडावर छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या देवघरात पोचल्या. ते मूळ तैलचित्रावरून केलेलं छापणं. तुमच्याकडे मूळ चित्र वेगळं नाहीच, ब्लॉक कोरलात आणि कागदावर पहिल्यांदाच ते दिसलं. चित्रकार चित्तप्रसाद अंधेरीत राहून लिनोकट करायचे, ती कशाची झेरॉक्स होती?
मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डींचं उदाहरण काकांना द्या. पॅरिसला हेटरच्या अतेलिए १७ या छापचित्रांच्या स्टुडिओत त्यांनी इतरांसोबत व्हिस्कॉसिटीचं, म्हणजे शाईच्या घट्ट-पातळपणावर चालणारं तंत्र घडवलं. एकाच प्लेटवर उंच-सखल पातळ्या, शायांमधे तेल कमी-जास्त, कडक रोलर वरवर फिरतो, मऊ रोलर खोलवर पोचतो, आणि पातळ शाईवर घट्ट शाई बसतच नाही. त्यामुळे सगळे रंग एकाच फेरीत. मूळचा शिल्पकार माणूस, प्लेटही शिल्पासारखी कोरायचा. त्यात प्रत्येक प्रिंटला शाई नव्याने चढवावी लागते, झेरॉक्स मशीनला सांगा करायला.

ठाणेकर
तांत्रिक काही कळत नाही, फक्त नोकरीवरून लिहितो. चित्रकार सुधीर पटवर्धन आमच्या ठाण्यात १९७५ पासून २००५ पर्यंत रेडिओलॉजिस्ट होते, आणि त्याच वर्षांत 'लोअर परळ'सारखी चित्रं झाली. चित्रकार प्रभाकर बरव्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. दीड तास कमी नाही, फक्त रोज मिळायला हवा, आमच्या मध्य रेल्वेच्या कृपेने तोच अवघड.

रोलरवाला
+१. आणि एक राहिलं, प्रिंटखाली पेन्सिलीने नंबर घाला, ४/१० असा, म्हणजे दहातला चौथा, आणि दहा झाले की ब्लॉकवर काट मारा. फ्रेम करायला द्याल तेव्हा बजावून सांगा. माझ्या एका प्रिंटची सही आणि नंबर फ्रेमवाल्याने "कडेला घाण दिसत होती" म्हणून माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) गडप केली होती 😑

ओट्यावरची_शाई
धन्यवाद सगळ्यांना! लोक्ता आणला, पळी घेतली (सासूबाईंची आमटीची, आता ती माझीच). शाई निम्मी केली. एक कोपरा सोडला तर काळा कसा सपाट आलाय! मात्र ब्लॉकवर 'आई' सरळच कोरलं, त्यामुळे कागदावर उलटं, तो ब्लॉक बाद. दुसरा कोरून दहा काढले, नंबर घातले. जाऊबाईंनी हातात घेतला, ४/१० वाचलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, दहापैकी चारच मार्क?"