मदत हवी आहे: द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर मनन कसं घ्यावं?

वसईतल्या आमच्या छोट्या गटात रविवारच्या शुभवर्तमानावर (बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या उताऱ्यावर) बैठक होते: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान, मिळून 40 मिनिटं. यावेळी मत्तय 20:1-16 आहे, म्हणजे येशूची ही बोधकथा: द्राक्षमळ्याचा मालक दिवसभरात वेगवेगळ्या वेळी मजूर कामावर लावतो आणि शेवटी सगळ्यांना सारखाच एक दीनार (तेव्हाची दिवसाची मजुरी) देतो. अडचण दुसऱ्या पायरीवर येते. संध्याकाळी पाचला आलेल्या मजुरालाही एक दीनार म्हटलं की चर्चा थेट वाडीतल्या मजुरीच्या दरावर घसरते, प्रार्थनेला वेळच उरत नाही. मला वाटतं खरी मेख आठव्या वचनात आहे: मालक शेवटच्यांना आधी पैसे देतो, म्हणूनच पहिल्यांना ते दिसतं आणि कुरकुर सुरू होते. आणि सातव्या वचनातलं ‘आम्हाला कोणी कामावर लावलं नाही’ हे तर आजही नाक्यावर ताटकळणाऱ्या मजुराचं उत्तर आहे! मननाला एकच प्रश्न द्यायचा तर तो कुरकुरणाऱ्यांबद्दल असावा की ताटकळणाऱ्यांबद्दल? वाचन दोनदा पुरतं का? गट चालवणाऱ्यांनी कृपया सांगा.