मदत हवी आहे: अंगणात पाणी मुरवणारी फरसबंदी
पुण्यातील आमच्या सोसायटीच्या अंगणात पेव्हर ब्लॉकखाली काँक्रीटचा थर घातलेला असल्यामुळे पावसाचे पाणी सांध्यांतून आत गेले तरी जमिनीत उतरत नाही. मोठी सर येऊन गेली की जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी तासभर घोटाभर पाणी साचते.

हे सारे उखडून १५ ते २५ टक्के पोकळी असलेले, जवळजवळ बिनवाळूचे सच्छिद्र काँक्रीट घालावे, किंवा रुंद सांध्यांत बारीक खडी भरलेले ब्लॉक बसवावेत, असे दोन पर्याय आहेत. मला दुसरा बरा वाटतो, कारण ड्रेनेजच्या दुरुस्तीसाठी ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतात. खरी अडचण खालच्या मातीची आहे. खड्डा खणून पाहिला, तेव्हा दोन फूट काळी माती व त्याखाली मुरूम लागला. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी फार सावकाश मुरू देते. तेव्हा ती पूर्ण काढून मुरमापर्यंत खडी भरावी, की मातीवर खडीचा थर देऊन त्यात भोके पाडलेला पाइप टाकावा व जादा पाणी शोषखड्ड्याकडे न्यावे?

ज्यांनी असे काम करून घेतले आहे, त्यांनी कृपया सांगावे. गुलमोहराच्या पाकळ्या आणि धुळीने बुजलेले सांधे आपण कसे साफ करता, हेही कळवावे.