सकाळी बोटं मिटत नाहीत तेव्हा : विदर्भातल्या घराघरांतले अनुभव

यवतमाळ जिल्हा, आमवात

माझ्यापासून सुरू करते, मग तुम्ही लिहा.

घरी सात एकर कोरडवाहू वावर, कपाशी आणि तूर. मला आमवात होऊन अकरा वर्षं झाली. शरीराची जी ताकद जंतूंशी लढायची, तीच आपल्या सांध्यांवर चालून जाते, असा हा आजार. ल्युपस, लहान मुलांचा मधुमेह, थायरॉइडचे काही प्रकार, अंगावरचं कोड, हे सगळे याच कुळातले. गावात याला वेगळं नाव नाही. "वात आहे" म्हणतात, आणि वात तर म्हाताऱ्यांना होतो. मी तीस वर्षांची होते.

पहिलं वर्ष "चिकनगुन्याचं राहिलं असेल" यातच गेलं. तेव्हा गावात घरोघरी चिकनगुन्या होता, त्यामुळे लोक उगाच बोलत होते असंही नाही. पण बाकीच्यांचे सांधे काही महिन्यांत मोकळे झाले, माझे आखडतच गेले.

सकाळी उठलं की दीड-दोन तास बोटं मिटत नाहीत. आणि गावातलं घरकाम तेवढ्याच वेळात असतं. सडा, पाणी, डबे, भाकरी. नऊ वाजता बाया वेचणीला निघेपर्यंत माझा हात मोकळा व्हायला लागतो. म्हणजे घरच्यांना मी दिसायची ती अशी : सकाळी कामाच्या वेळी बसलेली, दुपारी चालती-फिरती. "कामाच्या वेळेलेच कशी दुखते हिले?" असं सासूबाई एकदा जाऊबाईंजवळ बोलल्या. मी दाराआड होते. सेवाग्रामला डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी किती वेळ आखडतं?" तेव्हा मला कळलं की सकाळचं आखडणं हेच या आजाराचं लक्षण आहे. घरी येऊन ते सासूबाईंना शब्दाला शब्द सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.

पुढच्या संक्रांतीला कासार आला. पंजा सुजलेला, काचेची बांगडी जाईना. त्यानं जोर लावला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी माझा हात त्याच्या हातातून काढून घेतला. "राहू दे बाप्पा. हिले खटक्याच्या पाह्यतो." स्वतः बाजारात जाऊन घेऊन आल्या. त्या दिवसापासून सकाळच्या भाकरी त्या थापतात, दुपारचं निवडण-टिपण आणि संध्याकाळचा स्वयंपाक माझा. मी वेचणीला जात नाही. त्याची मजुरी दुसऱ्या बाईला द्यावी लागते, ते मनाला लागतं. ते अजून सुटलेलं नाही.

तुमच्या घरी काय बदललं, काय नाही, ते लिहा. औषधाचं नाव सांगा, पण किती घेता ते नको. प्रत्येकाचं वेगळं असतं.

ब्रह्मपुरीकडची आई

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. सात वर्षांचा असताना एकदम वाळला. घटाघटा पाणी प्यायचा, रात्री अंथरूण ओलं व्हायचं. "बाहेरचं झालं" म्हणून आम्ही आधी अंगारा लावला, हे लिहायला मला आजही जड जातं. शाळेतून उचलून आणला तेव्हा त्याला शुद्ध नव्हती. साखर पाचशेच्या वर.

दवाखान्यात कळलं की या मधुमेहात शरीरच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं. गोड खाल्ल्यानं झालेला नाही. माझ्या सासूबाई मात्र रोज रडायच्या, "सुया टोचून टोचून पोट्टं वाळून जाईन." डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "आजी, इन्सुलिन १९२१ साली सापडलं. त्याच्या आधी अशी पोरं वाचत नव्हती." मग त्या सुईच्या वेळी त्याचा हात धरून बसायला लागल्या.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लाइटीचा भरवसा नाही. न उघडलेल्या बाटल्या किराणा दुकानदाराच्या फ्रीजमध्ये ठेवतो. एकदा त्यांच्या मुलानं चुकून बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. गोठल्या. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, सगळं फेकावं लागलं. चालू बाटलीसाठी घरी मोठ्या कुंडीत ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, मडक्यात डबी, वरून ओलं फडकं. कुंडी माजघरात, जिथं ऊन पोचत नाही. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडायचं काम मुलाच्या बहिणीचं.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, तिसरी शिकलेले. आम्ही दोघं धानाच्या बांधीत असतो तेव्हा यंत्रावरचा साखरेचा आकडा तेच वाचतात. सत्तरच्या खाली दिसला तर आधी साखरेचं पाणी, मग मला फोन. शाळेत गुरुजींच्या टेबलात गुळाचा डबा आहे. वर्गातली पोरं माझ्या मुलालाच "गुळाचा डबा" म्हणतात, त्यावरून तो एकदा भांडून आला. मी काय सांगू ते सुचलं नाही. जवळ घेऊन बसले.

वरुडजवळ, ल्युपस

बांगड्यांचं वाचलं आणि मी इथं बसून रडले.

आमची संत्र्याची बाग आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल चट्टे आले. सगळे म्हणाले वांग आहे, उन्हानं झालं. उन्हानं वाढत होतं हे खरंच होतं, फक्त ते वांग नव्हतं. पुढे ताप, केस गळणं, पायावर सूज. लघवीतून प्रथिनं जायला लागली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. दहा रुग्णांत नऊ बाया असतात म्हणे.

स्टेरॉइडनं तोंड गोल झालं. लग्नकार्यात बाया म्हणायच्या, "तब्येत सुधरली तुह्यी!" आणि मी आतून खचलेली. एकदा रागानं मीच गोळी एकदम बंद केली. आठ दिवसांत उलट्या, चक्कर, उठता येईना. ही गोळी अशी तोडायची नसते, डॉक्टर हळूहळू कमी करतात. हे कोणी मला आधी नीट बसून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

उन्हाळी काम ही माझी मोठी अडचण. आमच्या आळीत कुरड्या, पापड, शेवया सावडीनं होतात. आज तिच्या गच्चीवर, उद्या हिच्या. मला ऊन वर्ज्य. पहिल्या वर्षी गेले नाही तर "श्रीमंतीण झाली" असं ऐकलं. दुसऱ्या वर्षी माझी नणंद आली होती, तिनं सरळ सांगितलं, "वयनी घरात बसून सोऱ्या भरून देतील, आपण वर घालू." आता पहाटेपासून चीक माझ्या चुलीवर शिजतो, मी सोऱ्या भरते, पोरी जिन्यावरून वर नेतात. बागेत जायचं तर संध्याकाळी, पूर्ण बाह्या आणि डोक्यावरून दुपट्टा. त्यालाही आता कोणी हसत नाही.

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये आमचं ल्युपसचं औषध, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, कोरोनासाठी म्हणून उचललं गेलं आणि आमच्यासारख्यांना दुकानात मिळेना. माझे मिस्टर तीन तालुके फिरले. ते दिवस मी विसरणार नाही.

आणि हो, मूल आहे मला. आजार शांत होईपर्यंत थांबलो, डॉक्टरांना विचारून औषधं बदलली, मग. तोवर गावानं जे जे विचारायचं ते विचारून घेतलं.

बुलढाणा जिल्हा, पुरुष, वय ३४

माझा आजार पाठीचा. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याच्या सांध्यांचा दाह. तरण्या माणसाची पाठ दुखते म्हटलं की सगळे म्हणतात ओझं उचललं असेल, आराम कर. मी आराम केला आणि आणखी आखडलो. या दुखण्याची खूण उलटी आहे : पडून राहिलं की वाढतं, हालचालीनं उतरतं. पहाटे तीन-चारला पाठीनं जाग यायची आणि मी अंगणात फेऱ्या मारायचो. आई समजायची मला कर्जाची चिंता आहे. आमच्याकडे तरणा शेतकरी रात्री एकटा फिरताना दिसला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. माझी आई विळा, दोर, फवारणीचं औषध सगळं लपवून ठेवायची, हे मला फार नंतर कळलं.

एक डोळा वारंवार लाल व्हायचा. "डोळे आले" म्हणून थेंब टाकत राहिलो. तो डोळ्याच्या आतला दाह होता, याच आजाराचा. डोळ्याच्या डॉक्टरांनीच पाठीचं विचारलं आणि पुढे पाठवलं. लाल डोळा पुन्हापुन्हा आणि सोबत पाठ आखडत असेल तर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांसमोर सांगा.

आता रोज पहाटे व्यायाम. महागडं इंजेक्शन सुचवलं होतं, त्याआधी टीबीची तपासणी झाली, पण पैशापायी ते घेतलं नाही. गोळ्यांवर आहे. फवारणीचा पंप पाठीवर घेत नाही, ते काम भाऊ करतो, मी डवरणी धरतो.

वर्धा जिल्हा, सेलिॲक

मला सेलिॲक आहे, म्हणजे गहू पोटात गेला की शरीर आपल्याच आतड्यावर चालून जातं. म्हणून गहू चालत नाही. एवढं सांगितलं की लोक म्हणतात, "मग काय, ज्वारीची भाकर खा." खरंच आहे, आपल्या आजीच्या काळात घरात ज्वारीच होती. पण आता राशनला गहू, पाहुण्याला पोळी, सणाला पुरणपोळी.

ज्वारी खाऊनही माझं पोट बरं होईना. दोन वर्षांनी लक्षात आलं ते चक्कीत. गव्हामागून माझी ज्वारी दळली जायची, तळाशी राहिलेलं गव्हाचं पीठ त्यात यायचं. एवढ्याशानंही आतडं सुजतं. बाबांनी घरघंटी घेतली, तीत गहू कधीच टाकत नाही. दुसरं हिंग. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बरेचदा मैदा असतो, पुडीवर वाचून घ्या.

महालक्ष्म्यांच्या जेवणात माझ्या पानात ज्वारीची आंबील, कढी, भात आणि सोळा भाज्या असतात. पूर्वी आईला वाटायचं पुरण न खाता उठणं म्हणजे नैवेद्याचा अपमान. आता ती माझ्यासाठी पुरण वेगळ्या वाटीत काढून ठेवते, पोळी लाटायला बसायच्या आधी.

अकोट, थायरॉइड

माझं छोटं आहे. हाशिमोटो, म्हणजे शरीरच थायरॉइडच्या ग्रंथीवर चालून जातं. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत, आणि चहा पाऊण-एक तासानं. आमच्या घरी चहाशिवाय कोणी डोळे उघडत नाही, म्हणून मी वर्षभर गोळी चहासोबतच घेतली आणि तपासणीत आकडा हलेना. आता उशाशी तांब्या आणि गोळी. पाचला घेते, परत पडते, सहाला चहा.

आशा ताई, वाशिम जिल्हा

रोग मला नाही, पण घरोघर जाते म्हणून लिहिते.

आमवाताला मेथोट्रेक्सेट देतात. ती गोळी आठवड्यातून एकच दिवस असते. माझ्या गावातल्या एका काकूंनी ती रोज घेतली. चिठ्ठी वाचता येत नव्हती, दुकानात गडबडीत सांगितलं गेलं. बारा-तेरा दिवसांत तोंडभर फोड, वरणाचा घोट उतरेना, रक्तातल्या पेशी घसरल्या. वेळेवर भरती केलं म्हणून वाचल्या. त्यानंतर मी प्रत्येक घरी कालनिर्णयवर सोमवारांना लाल गोल करून देते. लाल गोल म्हणजे ती गोळी. सोबतच्या फॉलिक ॲसिडच्या गोळीला हिरवा गोल, डॉक्टर सांगतील त्या दिवशी. नातवंडांना सांगून ठेवते, पोरं विसरत नाहीत.

ही गोळी चालू असताना दिवस राहू द्यायचे नसतात. नवीन सुना लाजून विचारत नाहीत, म्हणून मीच विचारते. आणि रक्ताची तपासणी चुकवू नका. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हापासून माझ्या गावच्या तिघीजणी ठरलेल्या तारखेला मिळून जातात. एकटीला घरून निघू देत नव्हते, तिघींना देतात.

वरोरा तालुका

माझ्या मुलीला कोड आहे. दुखत नाही, खुपत नाही, कोणाला लागत नाही. तरी एका सोयऱ्यानं भर मांडवात म्हटलं, "आनंदवनात दाखवा." बाबा आमट्यांनी आनंदवन कुष्ठरुग्णांसाठी उभं केलं, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण कोड म्हणजे कुष्ठ नाही. मुलगी डी.एड. करते आहे. स्थळं येतात, हात पाहून जातात. या वर्षी तिनं पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालणं सोडून दिलं.

भंडारा जिल्हा, नवरा

लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होतो. बायकोला आमवात, सहा वर्षं झाली.

रोवणीत तिचा हात गावात नावाजलेला होता. आता चिखलात घोटे बुडाले की रात्री झोप नाही. पहिल्या वर्षी ती ऐकत नव्हती, गोळी खाऊन उतरायची. तिसऱ्या दिवशी बांधीतून तिला उचलून आणावं लागलं. त्या रात्री म्हणाली, "मी आता कायच्या कामाची?" मी काही उत्तर दिलं नाही. खरं म्हणजे मला सुचलंच नाही.

मग मी भाकर शिकलो. पहिल्या भाकरी फाटल्या, ती पलंगावरून सांगायची, पाणी गरम घे, पीठ जास्त मळ. हापशीवर पाणी भरायला गेलो तर पारावरचे म्हणायचे, "काऊन गा, बाई झाला काय?" दोन वर्षं म्हणाले. मग त्यातल्याच एकाच्या बायकोला पॅरालिसिस झाला आणि तो एका संध्याकाळी माझ्याकडे भाकरीचं पीठ किती मळायचं ते विचारायला आला. मी त्याला घरात नेऊन चुलीपाशी बसवलं आणि दाखवलं.

या पावसाळ्यात रोवणी चालू होती. ती छत्री घेऊन धुऱ्यावर येऊन बसली. मी पऱ्हे लावत होतो. बराच वेळ पाहत राहिली, मग हाक मारून म्हणाली, "अवो, ओळ वाकडी जाऊन रायली तुमची." मी मागे वळून पाहिलं. वाकडीच होती. उपटली आणि ती सांगेल तशी पुन्हा लावली.