रि: रि: रि: होकायंत्रं कोणाकडे?

प्रेषक: मिलिंद
मंगळवार, रात्री ११.४०

मंडळी,

शनिवारी पेब किल्ला, नेरळ स्टेशनला भेटायचं, हे सगळं ठरलेलंच आहे. आता एकच प्रश्न. मंडळाची निळ्या पिशवीतली सहा होकायंत्रं सिडनीहून आणली कोणी? गौरव म्हणतो शमाताईंच्या बॅगेत, ताई म्हणतात गौरवच्या. गुरुवारपर्यंत ती मला दादरला हवीत. मुलांचे दोन गट करतोय. सिडनीजवळ ब्लॅकहीथच्या डोंगरात केलं तसंच, फक्त या खेपेला मुलं पुढे चालतील आणि मोठे तोंड बंद ठेवतील.

मिलिंद

---

प्रेषक: शमाताई
बुधवार, सकाळी ८.०५

सापडली. चॉकलेटांच्या पिशवीखाली होती. मी मुलुंडला भावाकडे आहे. ज्याला हवीत त्याने येऊन न्यावीत, माझे गुडघे दादरपर्यंत येणार नाहीत.

पण मिलिंद, ही धड चालत नाहीत रे. जेवणाच्या टेबलावर सहाही ओळीने मांडली. सगळ्यांच्या सुया कलंडल्यात, लाल टोक तळाला घासतं आणि सुई फिरता फिरता अडकते. त्यातून चार जणींचं लाल टोक ठाण्याकडे आणि दोघींचं भांडुपकडे! भाचा म्हणाला, आत्या, तुमच्याकडे उत्तर दिशा बहुमताने ठरवतात का?

शमा

---

प्रेषक: गौरव
बुधवार, सकाळी ८.३१

ताई, टेबलाचे पाय लोखंडी आहेत का? शेजारी मोबाइल होता का? आधी गच्चीवर जाऊन बघा. गेल्या ईस्टरला हेच कंपास उत्तम चालत होते, मी स्वतः वापरलेत.

---

प्रेषक: प्राची
बुधवार, सकाळी ९.१५

गौरव, टेबलाचा काही दोष नाही. इथे दोन वेगळ्या भानगडी आहेत.

पहिली, लाल टोक खाली घासण्याची. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर नसतं. सिडनीत ते चांगलंच तिरपं आहे आणि सुईचं दक्षिण टोक खाली खेचतं. म्हणून तिकडे विकायच्या सुईला उत्तर टोकाकडे जरासं वजन देऊन तोल साधतात. मुंबईत उलट, इथे उत्तर टोक खाली ओढलं जातं. त्यात ते वजनही त्याच बाजूला, मग सुई घासणारच. बिघडलेलं काही नाही, तो माल दुसऱ्या गोलार्धाचा आहे एवढंच. दोन्हीकडे चालणाऱ्या सुया मिळतात, महाग असतात. मंडळाने २५ डॉलरवाले घेतले तेव्हा मी हे बोलले होते, इतिवृत्तात असेल.

दुसरी भानगड उलट्या झालेल्या दोन सुयांची. जवळ जोरदार चुंबक राहिला की सुईचे ध्रुव पलटतात. मोबाइलच्या चुंबकी कव्हरने होतं, पाण्याच्या पिशवीच्या नळीला असते त्या चुंबकी क्लिपने होतं, आणि स्पीकरने तर होतंच. हॉलच्या कपाटात निळ्या पिशवीच्या खालच्या फळीवर काय ठेवलेलं असतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

प्राची

---

प्रेषक: गौरव
बुधवार, सकाळी ९.२२

> कपाटात निळ्या पिशवीच्या खालच्या फळीवर काय ठेवलेलं असतं

हे अपेक्षितच होतं. गणपतीचे स्पीकर गेली कित्येक वर्षं त्याच फळीवर आहेत. निळी पिशवी नंतर आली. तिला तिथे कोणी ठेवलं हे विचारा. साउंडची जबाबदारी माझी आहे, ट्रेकिंगच्या सामानाची नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात माइक कोणी हरवला त्यावर अजून एक ओळ उत्तर आलेलं नाही, ते जाऊ दे.

---

प्रेषक: अनघा
बुधवार, सकाळी १०.०२

मला वाटतं आपण उगाच होकायंत्रावर अडकलोय. मी शुक्रवारी पहाटे उतरतेय. माझा सॅटेलाइट मेसेंजर घेऊन येऊ का? नकाशा, मेसेज, एसओएस सगळं त्यात आहे. आणि पीएलबीसुद्धा आहे, संकटात बटण दाबलं की सॅटेलाइटवरून मदत मागणारं ते यंत्र.

---

प्रेषक: मिलिंद
बुधवार, सकाळी १०.०६

अनघा, अजिबात आणू नकोस. दोन्ही घरी ठेव. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइटवर चालणारा फोन किंवा मेसेंजर बाळगता येत नाही. गोवा, दिल्ली इथल्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना यावरून पोलिसांनी अडवलेलं आहे, आणि त्यातले काही तुझ्यासारखेच साधे डोंगर चढणारे होते. चेक-इनच्या बॅगेतही नको. तुझी पहाट आम्हाला सहार पोलीस ठाण्यात घालवायची नाही.

---

प्रेषक: अनघा
बुधवार, सकाळी १०.१९

काय सांगतोस! ब्लू माउंटन्समध्ये तर नॅशनल पार्कवाले पीएलबी फुकट वापरायला देतात, वर फॉर्म भरून घेतात कुठे जाणार नि कधी परतणार म्हणून. इथे तीच वस्तू गुन्हा? बरं, ठेवते घरी. मग काही झालं तर करायचं काय?

---

प्रेषक: सुधीरकाका
बुधवार, दुपारी १.५०

सर्वांस नमस्कार,

मी परत येऊन ठाण्यात स्थायिक झालो तरी या यादीत आहे, हे बहुधा विसरला आहात. नाहीतर पेबला जायचं ठरवताना कोणीतरी एक फोन केला असता.

आधी अनघाला. काही झालं तर ११२. पेबवर बऱ्याच जागी रेंज येते, काही घळींत येत नाही. सह्याद्रीत अडकलेल्यांना काढायला महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, गावोगावच्या गिर्यारोहकांची पथकं त्याला जोडलेली आहेत. त्यांची हेल्पलाइन शोधून फोनमध्ये आताच घालून ठेवा. आणि तिकडचा तो फॉर्म इथे कागदावर भरा. कुठून चढणार, कुठून उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. एक प्रत शमाच्या भावाकडे ठेवा.

आता प्राची. तुझं बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली. सिडनीत चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून साडेबारा-तेरा अंश पूर्वेला. मुंबईत हा फरक शून्याच्या आसपास, एका अंशाच्याही आत. त्या सहांपैकी ज्यांना हा फरक बसवायचा स्क्रू आहे, त्यांच्यावर सिडनीचा आकडा बसवलेला असणार. तो तसाच राहिला तर एक किलोमीटर चालल्यावर दोनशेहून जास्त मीटर बाजूला जाल. पेबच्या सोंडेवर बाजूला दोनशे मीटर म्हणजे हवेत.

आणि या मुंबईत बसून होकायंत्राच्या गप्पा मारता, तर हेही ऐका. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात चुंबकीय नोंदी घेत असत. सप्टेंबर १८५९ चं प्रचंड सौर वादळ तिथल्या उपकरणांनी टिपलं, जगभरचे शास्त्रज्ञ आजही त्या नोंदी काढून बघतात. पुढे शहरात विजेच्या ट्राम यायचं ठरलं. त्या विजेने नोंदी बिघडणार म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेलं आणि तिथल्या इमारतीच चुंबकत्व नसलेल्या सामानाने बांधल्या. ट्राम १९०७ मध्ये धावली, कधीच बंदही झाली. अलिबागच्या नोंदी चालूच आहेत. ती माणसं एका सुईसाठी खाडीपार गेली आणि आपण ती स्पीकरवर ठेवतो.

पण खरं सांगू? पेबला होकायंत्र लागत नाही. वाट चुकते ती दिशा न कळल्यामुळे नाही. नेरळहून निघालात की विजेचे टॉवर लागतात, तिथून गुरांच्या वाटा फुटतात, आणि त्या मुख्य वाटेपेक्षा जास्त मळलेल्या असतात. थंडीत गवत वाळून वाकलेलं, खरी वाट त्याखाली लपलेली. मागे तिथे एक गट भेटला होता. दगडावरच्या रंगवलेल्या बाणांमागून जाऊन थेट धबधब्याच्या कातळाखाली उभे होते. बाण कोणी, कुठल्या वाटेसाठी काढले होते देव जाणे. मोळी घेऊन उतरणाऱ्या एका मावशींनी त्यांना खिंडीकडे लावलं. म्हणून म्हणतो, नेरळमधला वाटाड्या घ्या आणि त्याला नीट पैसे द्या.

सुधीर

---

प्रेषक: गौरव
बुधवार, दुपारी २.०४

> आपण ती स्पीकरवर ठेवतो

काका, *वरच्या* फळीवर.

---

प्रेषक: प्राची
बुधवार, दुपारी २.४०

काका, वाटाड्याला माझा विरोध नाही. पण मग मुलं काय शिकणार? त्याच्या पाठीकडे बघत चढतील आणि खाली येऊन पेब केला म्हणतील. ब्लॅकहीथला आपण दर अर्ध्या तासाला थांबून नकाशावर बोट ठेवायला लावत होतो. तेच करायचंय.

नकाशाचंही सांगते, कारण मिलिंदने कुठला छापलाय कोणालाच माहीत नाही. न्यू साउथ वेल्सचे नकाशे १:२५,००० चे, समोच्च रेषा दहा मीटरला. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे, रेषा वीस मीटरला. मुलांच्या हाताला ‘चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर’ ही सवय आहे, इथे दोन सेंटिमीटरच. आणि वीस मीटरच्या दोन रेषांमध्ये पंधरा मीटरचा कातळ आरामात लपतो. सह्याद्रीत हे फार होतं, लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, त्यामुळे सपाट पदर, मग ताठ भिंत, पुन्हा पदर. नकाशावर जे सौम्य दिसतं ते समोर गेल्यावर छातीला लागतं.

---

प्रेषक: सुधीरकाका
बुधवार, दुपारी ३.३०

माझ्याकडे एक इंचाला एक मैलवाली जुनी शीट आहे. पन्नास फुटाला रेषा. असं सुरेख काम आता होत नाही. पूर्वी किनारपट्टीची शीट मिळवायला अर्ज-विनंत्या कराव्या लागत. आणेन दाखवायला, पण हात लावायचा नाही.

---

प्रेषक: शमाताई
बुधवार, दुपारी ३.३८

ती होकायंत्रं न्यायला कोणी येतंय का?

---

प्रेषक: मिलिंद
बुधवार, रात्री ९.१०

सगळं वाचलं. असं करू.

शमाताई, मीच संध्याकाळी मुलुंडला गेलो होतो, तुम्ही भाजीला बाहेर पडला होतात. भाच्याने पिशवी दिली. तिथून परस्पर शिवाजी पार्कच्या चौपाटीवर. समुद्राकडे तोंड केलं की उजव्या हाताला उत्तर, यात कोणाचा वाद नसावा. दोन सुया खरंच उलट्या आहेत, त्यांना लाल चिकटपट्टी लावून बाद केल्या. उरलेल्या चार तिरप्या आहेत. ठोकळा लाल टोकाच्याच बाजूला हळूच कलता धरला की सुई मोकळी होते आणि दिशा ठीक देते. चालता चालता बघायला निरुपयोगी, थांबून बघायला चालतील. स्क्रू शून्यावर आणलेत.

मुलांना एवढं मात्र सांगायचंय की टॉवरच्या पायाशी, लोखंडी शिडीजवळ आणि वर माथेरानच्या रुळांवर सुई वाचायची नाही. कातळावर टेकवूनही नाही, आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं.

नकाशा १:५०,००० चाच आहे, मी दुप्पट मोठा करून छापलाय. प्राची, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर झालं. रेषा वाढणार नाहीत, ते तुझं खरं.

प्रत्येक गटाच्या एका फोनमध्ये ऑफलाइन नकाशा आणि वाटेची जीपीएक्स फाइल असेल, पण फोन विमान मोडवर आणि मोठ्या माणसाच्या खिशात. जीपीएसला रेंज लागत नाही, रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. सिडनीचं सिम रोमिंगवर असलेल्यांची तर दुपारपर्यंत.

आणि वाटाड्या घेतोय, काका. तो सगळ्यात मागे चालेल. मुलं चुकीच्या वाटेला लागली तर तो शंभर पावलं गप्प बसेल आणि मग खोकेल. माझं बोलणं झालंय, त्याला कल्पना फार आवडली.

मिलिंद

---

प्रेषक: अनघा
बुधवार, रात्री ९.२५

उतरताना अंधार नाही ना होणार? डिसेंबर आहे, आठपर्यंत उजेड असतोच म्हणा.

---

प्रेषक: सुधीरकाका
बुधवार, रात्री ९.३१

अगं, आठपर्यंत सिडनीत. इथे डिसेंबरात सहाच्या थोडं पुढे सूर्य बुडतो आणि संधिप्रकाशही फार रेंगाळत नाही. चढ सुमारे सहाशे मीटरचा. पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला आणखी एक, हा नेस्मिथचा १८९२ चा हिशेब धडधाकट स्कॉटिश माणसाचा आहे, आपल्या मुलांना आणि मिलिंदला दुप्पट धरा. दोन वाजता जिथे असाल तिथून परत. माथ्यावर पोचला असाल तर शिडीने रुळांवर, कड्यावरचा गणपती, तिथून दस्तुरी आणि टॅक्सीने नेरळ.

दुपारचा सूर्य इथे दक्षिणेला असतो हेही मुलांना सांगा. तुमची ती सिडनीतली घड्याळाच्या काट्याने उत्तर काढायची युक्ती तशीच वापरलीत तर पनवेलच्या दिशेने चालू लागाल.

---

प्रेषक: गौरव
बुधवार, रात्री ९.४०

मेगाब्लॉक शनिवारी नसतो ना?

---

प्रेषक: शमाताई
बुधवार, रात्री ९.४४

रविवारी असतो. तरी एकदा बघून घे. आणि दिवाळीचा माइक माझ्याकडे आहे. डब्यात नीट ठेवलाय. कोणी मला विचारलंच नाही.

---

प्रेषक: गौरव
बुधवार, रात्री ९.४५

ताई!!!

---

प्रेषक: सुधीरकाका
बुधवार, रात्री १०.१५

पाणी माणशी तीन लिटर, वर मिळेल या भरवशावर राहू नका. पूर्ण बाह्यांचे कपडे. कड्याला आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर, सेंट काही मारून येऊ नये. धूरही करायचा नाही.

---

प्रेषक: गौरव
बुधवार, रात्री १०.१७

डिओ चालेल का?

---

प्रेषक: सुधीरकाका
बुधवार, रात्री १०.१८

नाही.